दोन सुतांचा फरक

लग्नाला चार महिने झाले होते आणि नवऱ्यावर मोठ्याने ओरडायची वेळ अजून आली नव्हती. ती आली एका रविवारी दुपारी, अंगणात, माझ्या हातात मुसळ असताना. मुसळ कशासाठी होतं ते आधी सांगते, नाहीतर भलताच गैरसमज व्हायचा.

माझी सायकल वाकली होती. सत्तरीच्या दशकातली गोष्ट. मला प्राथमिक शिक्षिकेच्या नोकरीची ऑर्डर आली होती. शाळा सोलापूरपासून नऊ मैलांवरच्या एका खेड्यात. सोमवारी सकाळी अकराच्या आत हजर व्हायचं, आणि त्या दिवशी हजर झालं नाही तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल, असं ऑर्डरच्या तळाशी लिहिलेलं. ती शेवटची ओळ मला तोंडपाठ झाली होती. दोन वर्षं यादीत नाव लावून बसले होते मी, आणि यादीतला पुढचा उमेदवार सोमवारची वाट बघत असणार याबद्दल मला शंका नव्हती. त्या गावाला एसटी दिवसातून एकदा जायची, तीही दुपारी एक वाजता पोचायची. एक दिवस पहाटे उठून चालत गेलेही असते. रोज अठरा मैल कोण चालणार? सायकल असेल तर नोकरी होती, नसेल तर नव्हती. हिशोब इतका सरळ होता.

लेडीज सायकल मला माहेराहून मिळालेली. माझं माहेर शहराच्या पूर्व भागात, चादरी विणणाऱ्यांच्या गल्लीत. मागांच्या खडखडाटातच मी पाढे पाठ केले. सासर स्टेशनच्या बाजूला, दोन खोल्या आणि पुढे फरशीचं अंगण. घरात आम्ही तिघंच. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई माढ्याकडच्या, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. नवऱ्याला ‘अहो’, आणि त्यांच्याबद्दल बोलताना ‘हे’. आता इतक्या वर्षांनी लिहितानाही तेच येतंय, त्याला माझा इलाज नाही.

हे रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. गुरुवारी सुट्टी काढून माझी सायकल घेऊन त्या खेड्यापर्यंत जाऊन आले. रस्ता कसा आहे, चढ कुठे आहे, मला किती वेळ लागेल हे बघायला. मी सांगितलं नव्हतं, त्यांनाच सुचलं. जाताना सगळं ठीक. येताना नाक्याजवळ उसाची बैलगाडी मागून आली, बैल बिचकले आणि गाडीचं चाक सायकलच्या मागच्या भागावर चढलं. यांचा डावा पाय मोडला. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर. आणि सायकलचा मागचा चिमटा, म्हणजे मागचं चाक धरून ठेवणाऱ्या नळ्या, एका बाजूला सरकला.

खरं सांगते, मी आधी पाय बघितला आणि लगेच सायकल बघितली. मधे फार वेळ गेला नाही. याची लाज मला नंतर वाटली, तेव्हा नाही.

शुक्रवारी मी सायकल हाताने ढकलत दुकानात नेली. दुकानदाराने मागचं चाक फिरवून बघितलं. चाक तिरकं होऊन नळीला घासत होतं. तो म्हणाला, “फ्रेम गेली बाई. लेडीज फ्रेम हितं मिळत न्हाय, पुण्याहून मागवावी लागंल. पंधरा दिवस धरा.”

“सरळ करता येणार नाही?”

“करताना जोड तुटला तर? मी हात लावणार न्हाय.”

भाड्याच्या सायकली होत्या, पण सगळ्या मधल्या दांडीच्या, साडी नेसून चढता न येणाऱ्या. आणि नाक्याबाहेर न्यायच्या नाहीत अशी पाटीच टांगलेली. मी सायकल परत आणली. यांनी खाटेवरूनच बघितलं आणि म्हणाले, “आपण करू. घरीच करू. तू हात लाव, मी सांगतो.”

शनिवार यांच्या पायाच्या कळांत गेला. म्हणून रविवार उजाडला तेव्हा आमच्याकडे एकच दिवस उरला होता.

जेवणं लवकर उरकली. भाकरी आणि शेंगाचटणी. आम्ही खाट दारात ओढली, म्हणजे यांना अंगण दिसेल. मी दोन्ही चाकं काढली, मग मागच्या चाकाचा नुसता आस परत खाचांत बसवून नट आवळले. दोन्ही बाजूच्या नळ्या एकत्र सरकाव्यात म्हणून. मग हे म्हणाले, “आता दोरा आण. लांब पाहिजे.”

आमच्या घरात दोरा म्हणजे माझ्या माहेरचं सूत. चादरीचं, पिळदार, पांढरं. त्याची एक लड मी ट्रंकेतून आणली. ते मागच्या एका खाचेला बांधायचं, पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूने मागच्या दुसऱ्या खाचेला आणून ताणून बांधायचं. मधे सीटची नळी येते. तिच्यापासून डावीकडचं सूत आणि उजवीकडचं सूत सारख्या अंतरावर असलं की फ्रेम सरळ. किती साधी गोष्ट! मी मागाच्या घरातली, ताणलेल्या सुताने सरळपणा बघायचा हे मला कुणी शिकवायला नको होतं. त्या दिवसात तेवढ्याच क्षणी मला बरं वाटलं.

मोजायला मी केरसुणीची काडी घेतली. एका बाजूचं अंतर धरून नखाने खूण केली, दुसऱ्या बाजूची दुसरी खूण. काडी यांच्याकडे नेली. यांनी खिशातल्या पट्टीवर धरली आणि म्हणाले, “अर्धा इंच. जमंल.”

मग मुसळ. ते दोन्हीकडच्या नळ्यांच्या मधून आत घालायचं, टोक सीटच्या नळीपाशी टेकवायचं आणि दुसरं टोक जोर लावून ओढायचं, म्हणजे नळ्या सरकतात. फ्रेम हलू नये म्हणून तिच्यावर कुणीतरी बसायला हवं होतं. आत्याबाईंनी गोणपाट टाकलं, त्याच्यावर फ्रेम आडवी केली, तिच्यावर पाट ठेवला आणि पदर खोचून पाटावर बसल्या. माझ्या नोकरीबद्दल त्या तोपर्यंत हो म्हणाल्या नव्हत्या आणि नाहीही म्हणाल्या नव्हत्या.

“लई जोर नको लावूस गं,” त्या म्हणाल्या. “मी बी पडंन आन् सायकल बी मोडंल.”

पहिल्यांदा ओढलं, काही झालं नाही. स्टील परत जागेवर येत होतं. हे खाटेवरून म्हणाले, “आणखी. घाबरू नको.” दुसऱ्यांदा पाय फरशीला रोवून ओढलं, तेव्हा मुसळाखाली काहीतरी सैल झाल्यासारखं लागलं. मी सूत बघितलं. फरक कमी झाला होता. तिसऱ्यांदा आणखी थोडं. आता दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसायला लागल्या.

इथे चूक झाली. तेव्हा ती चूक वाटलीच नाही.

“आता किती सूत हाय?” यांनी विचारलं.

मी काडीवर खुणा केल्या. दोन खुणांच्या मधे अगदी थोडी जागा होती. माझ्या माहेरी अशी बारीक जागा सुतानेच मोजतात. एक धागा बसला, दोन बसले. मी लडीतलं सूत तोडून खुणांच्या मधे ठेवलं. दोन धागे शेजारी शेजारी ठेवले की जागा भरत होती.

“दोन सूत,” मी सांगितलं.

“मग हाय की अजून. मघासारखाच एक जोराचा दे.”

मी मुसळ हातात घेतलं आणि थांबले. दोन धाग्यांसाठी एवढा जोर? मला कळत होतं की हे जास्त होतंय. मनात स्पष्ट वाक्य आलं होतं. पण ते फिटर, मी नवी सून. लोखंडाला काय लागतं ते त्यांना माहीत. काडी नेऊन त्यांच्या हातात दिली असती तरी पुरलं असतं, दहा पावलांचं तर अंतर होतं. यांचा पाय ठणकत होता, आवाज चढला होता. “दे की! कशाची वाट बघतीस?”

मी दिला. सगळं अंग टाकून दिला.

कट् असा आवाज आला.

तो आवाज आत्याबाईंनीही ऐकला, कारण त्या पाटावरून उठल्याच. मी खाली वाकले. पायडलच्या कण्याजवळ, जिथे नळी जोडात शिरते तिथे, काळ्या रंगावर केसाएवढी एक रेघ उमटली होती. आणि सूत बघितलं तर फ्रेम आता दुसऱ्या बाजूला गेली होती. चांगली गेली होती.

“काय झालं?” हे विचारत होते. “अगं, काय झालं?”

“तडा गेला,” मी म्हणाले. “तुम्ही सांगितलं म्हणून दिला आणि तडा गेला. दोन सुतांसाठी कुणी एवढा जोर लावतं का?”

“दोन सूत म्हणजे पाव इंच! पाव इंचाला लावायला नको?”

“पाव इंच?” मी मुसळ तसंच हातात घेऊन दारापर्यंत गेले. दुसऱ्या हातात सुताचे ते दोन तुकडे होते. ते त्यांच्या डोळ्यांपुढे धरले. “हे दोन सूत! हे! दिसतायत का? हे पाव इंच आहे?”

त्यांनी धाग्यांकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताची दोन बोटं पाव इंचाने विलग करून त्यांच्याकडे बघितलं. मला तेव्हा कळलं. फिटरांचं, सुतारांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. धाग्याला ते दोरा म्हणत होते, मघापासून दोराच म्हणत होते, आणि मी मनातल्या मनात त्याचं सूत करून घेत होते. माझ्या माहेरी माग दुरुस्त करायला सुतार यायचा. तोही असंच काहीतरी बोलत असणार. मी कधी कान दिला नव्हता.

“म्हंजी तुमी दोघं येगयेगळं सूत मोजत होता व्हय?” आत्याबाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

मला इतका राग आला होता की तो कुणावर काढावा तेही ठरत नव्हतं. नोकरी गेली असं वाटत होतं. दोन वर्षांची यादी, गुरुवारची बैलगाडी, आणि आता एका शब्दापायी सगळं संपलं. “मला कळत होतं,” मी ओरडले. “जोर जास्त होतोय हे मला आधीच कळत होतं!”

“मग बोलली का न्हाईस?”

ते रागाने बोलले नाहीत. खरोखरच विचारलं त्यांनी. मी तिथेच उंबऱ्यावर बसले.

थोड्या वेळाने तेच म्हणाले, “रंगाचा तडा असंल. लोखंडाचा हाय का ते आधी बघावं लागंल. रंग खरवड.”

मी ब्लेडने रंग खरवडला. खाली चकचकीत धातू दिसला, पण रेघ आहे की नाही ते उघड्या डोळ्यांना सांगता येईना. यांनी शेडमधली युक्ती सांगितली. तिथे रॉकेल लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, फडक्याने लख्ख कोरडं करायचं, वरून खडू फासायचा आणि हळूच ठोकायचं. धातूला तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते.

खडू घरात होते. शाळेत पहिल्या दिवशी खडू असतील नसतील म्हणून मी एक नवी पेटी विकत आणून पिशवीत ठेवली होती. ती फोडली. पहिला खडू मी मुलांसमोर नाही, सायकलच्या जोडावर वापरला.

रॉकेल लावलं आणि मुरेपर्यंत थांबलो. यांनी घड्याळ बघून सांगितलं, आता पूस. पुसलं. खडू फासला. पान्याने जोडावर हलके दोन ठोके दिले आणि मी अंगणात गुडघ्यांवर बसून त्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहिले. आत्याबाई माझ्या खांद्यावरून वाकलेल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. ऊन कलायला लागलं होतं. एकदा मला वाटलं की कडेला काळसर काहीतरी दिसतंय. ती माझ्याच बोटाची सावली होती. आणखी थांबले. पाय बधिर झाले.

पट्टा पांढराच राहिला.

“कोरडं हाय,” आत्याबाई म्हणाल्या. “पोरा, कोरडं हाय रं!”

मी रडले. लपवण्यात अर्थ नाही, पदराने डोळे पुसले ते खडूने आणखी चुरचुरले.

पण काम संपलं नव्हतं. फ्रेम दुसऱ्या बाजूला गेलेली होती आणि लोखंड पुन्हा पुन्हा वाकवलं की थकतं, हे यांनी मला बजावून सांगितलं. एकदाच, फार तर दोनदा ओढायचं. आत्याबाई पुन्हा पाटावर बसल्या. मी मुसळ घातलं. मग विचारलं, “किती जोर लावू?”

“मला विचारू नको. मला हितनं दिसत न्हाय. तू बघ, तू ठरव.”

मी हळूहळू ओढलं. हाताला लागेल तसं, थांबत, सुताकडे बघत. नळी सरकली. मोजलं, चार धागे राहिले होते. माझे धागे. आणखी एकदा, अगदी बेताने. मग दोन खुणांच्या मधे एक धागाही बसेना. मी मुसळ खाली ठेवलं. अजून थोडं नीट करायचं का, असं हे विचारणार होते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मी आधीच म्हणाले, “आता नाही. पुरे.”

चाक बसवून फिरवलं. घासलं नाही.

सोमवारी साडेआठला निघाले. पिशवीत ऑर्डर, भाकरी आणि फोडलेली खडूची पेटी. दीड तासाचा रस्ता आहे असं यांनी मोजून ठेवलं होतं, पण निम्म्या वाटेवर मागून कर्र कर्र ऐकू यायला लागलं. मी उतरले. रस्त्याच्या कडेला बसून जोडाला खडू लावून बघितला. पांढराच. आवाज सीटच्या स्प्रिंगचा होता. तरी धीर झाला नाही. पुढचे सगळे चढ मी चालत चढले आणि सगळे उतारही चालतच उतरले. शाळेत पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. वीस मिनिटं.

हेडमास्तर वयस्कर होते, स्वभावाने मवाळ. मला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. ऑर्डर न उघडताच टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “एवढ्या लांबून सायकलवर आलात, दमलात. आज बसा निवांत. हजेरी झालीय आजची. हजर झाल्याची तारीख उद्याची टाकतो. एका दिवसानं काय बिघडतंय?”

त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं होतं. टाक शाईत बुडवला, रजिस्टर उघडलं. मला कळत होतं की हे चुकतंय, आणि ते मोठे, मी नवी. अंगणात मुसळ धरून उभी होते तेव्हाही असंच होतं. टाक कागदाला टेकायला आला.

“गुरुजी, थांबा,” मी म्हणाले. आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. बाजूच्या वर्गातली पोरं गप्प झाली. “ऑर्डरची शेवटची ओळ वाचा. उद्याची तारीख पडली तर माझी नोकरी गेली. आजचीच टाका. वीस मिनिटं उशीर झाला तर तोही लिहा, पण आजचीच टाका.”

त्यांनी चष्मा लावला, ऑर्डर वाचली, माझ्याकडे बघितलं. मग आजची तारीख टाकली आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. सही करताना माझ्या बोटांवरचा खडू कागदावर उतरला.

त्या नोकरीत मी एकतीस वर्षं काढली. पण त्या संध्याकाळी घरी पोचले तेव्हा एवढंच डोक्यात होतं की जाऊन अंगणात सायकल टेकवावी आणि पडावं. हे दारातल्या खाटेवर सुताची लड मांडीवर घेऊन बसले होते. शाळा कशी, गाव कसं, काही विचारलं नाही. म्हणाले, “आधी चाक काढ. नऊ मैल जाऊन नऊ मैल आलीय, किती सूत सरकलं ते बघू.”

“कुणाचं सूत?” मी विचारलं.

“तुझं.”

मी चाक काढता काढता तारखेचं सांगितलं. हेडमास्तर काय म्हणाले, टाक कुठपर्यंत आला होता, सगळं. ते ऐकत होते. मग त्यांनी सुताचं टोक मोकळं करून माझ्या हातात दिलं.

“बोललीस?”

“बोलले.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि मी सूत खाचेला बांधलं.